रेडिओ-नियंत्रित विमानाचे उड्डाणदोष : शोध आणि दुरुस्ती

नाशिक जिल्ह्याची ओळख गोदावरी, द्राक्षे आणि कांदा यांच्याप्रमाणेच विमानांमुळेही झाली आहे. ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना १९६४ साली स्थापन झाला. आरंभी तेथे मिग-२१ जातीची लढाऊ विमाने तयार होत असत. पुढे मिग-२७ आणि त्यानंतर सुखोई-३० विमानांची बांधणी झाली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी याच कारखान्यात तयार झालेल्या तेजस मार्क-१ए या विमानाने आकाशात झेप घेतली. ओझरलाच भारतीय वायुदलाचा विमानदुरुस्ती तळ आहे, तर नाशिक रोडजवळील गांधीनगर येथे सेनादलाच्या वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. या परिसरातील मुलांना विमानाचे आकर्षण असणे स्वाभाविक आहे. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत मॉडेल विमानांची बांधणी व उड्डाण हा प्रशिक्षणाचा भाग आहे, आणि २०१६ साली सुरू झालेल्या अटल नवोन्मेष अभियानातील शालेय प्रयोगशाळांमुळे हा छंद आता छात्रसैनिकांपुरताही मर्यादित राहिलेला नाही.

मात्र मॉडेल तयार करणे आणि ते नीट उडविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विमान हवेत गेल्यावर डावीकडे कलते, वेग वाढविताच नाक वर करते, उतरताना एकाएकी एक पंख टाकते. अशा वेळी बहुतेक मुले, आणि पुष्कळदा त्यांचे शिक्षकही, नियंत्रण-पेटीवरील ट्रिमची कळ सरकवून विमान सरळ करतात आणि काम झाले असे समजतात. ट्रिम म्हणजे कांडीला हात न लावताही नियंत्रणपृष्ठ किंचित वाकलेले ठेवण्याची सोय. तिच्यामुळे विमान त्या क्षणापुरते सरळ जाते. परंतु मूळ दोष पुष्कळदा जागच्या जागी राहतो आणि वेग बदलला किंवा विमान उलटे झाले की पुन्हा डोके वर काढतो. तो दोष कसा शोधावा आणि त्याच्या मुळाशी कसे जावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हा केवळ खेळातील प्रश्न नव्हे. पंखांची लांबी सुमारे दीड मीटर असलेले कसरतीचे मॉडेल दोन ते अडीच किलो वजनाचे असते आणि ताशी नव्वद किलोमीटर वेगाने सहज जाते. अडीच किलोचा दगड दहा मजली इमारतीवरून सोडला असता तो जेवढ्या आघाताने जमिनीवर आदळेल, तेवढाच आघात या वेगातील मॉडेल करू शकते. शिवाय त्याच्या तोंडाशी फिरता पंखा असतो. मैदानाच्या कडेला शाळेची मुले उभी असताना "विमान थोडे डावीकडे जाते, पण चालते" असे म्हणणे कोणत्याही शिक्षकाला परवडणारे नाही.

कसरतीचे विमान वेगळे का?

शिकाऊ मॉडेलचे पंख टोकाशी किंचित वर उचललेले असतात. विमान कलले तर ते आपोआप सावरण्याकडे या रचनेचा कल असतो. पंखाचा छेद खालून सपाट व वरून फुगीर असल्याने कमी वेगातही पुरेशी उचल मिळते. कसरतीच्या विमानाची गोष्ट निराळी आहे. त्याला सुलटे आणि उलटे सारख्याच सहजतेने उडावयाचे असते. म्हणून त्याच्या पंखाचा छेद वरून व खालून सारखाच फुगीर असतो आणि पंख जवळजवळ सरळ रेषेत असतात. असे विमान स्वतःहून सावरत नाही. ज्या स्थितीत ठेवावे त्या स्थितीत ते राहते. त्यामुळेच बांधणीतील बारीकसा दोषही त्याच्या उड्डाणात लगेच दिसतो.

पायरीने शिकण्याची हीच पद्धत खऱ्या वैमानिकांसाठीही अवलंबिली जाते. जर्मनीत गटिंगेन येथे प्राध्यापक प्रांटल यांच्या हाताखाली अभ्यास केलेले मराठी विमानशास्त्रज्ञ डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी स्वतंत्र भारतासाठी एचटी-२ हे शिकाऊ विमान घडविले. ते १९५१ साली प्रथम उडाले आणि वैमानिकांच्या अनेक पिढ्यांनी पहिले धडे त्याच्यावर गिरविले. ज्या विद्यार्थ्याने शिकाऊ मॉडेलवर हात बसविलेला नाही, त्याच्या हाती कसरतीचे मॉडेल देऊ नये.

विमानाच्या हालचाली तीन पृष्ठांनी होतात. पंखांच्या मागील कडेवरील एलेरॉन विमानाला कुशीवर कलवितात. शेपटावरील आडवा एलिव्हेटर नाक वर किंवा खाली करतो. शेपटावरील उभे सुकाणू, म्हणजे रडर, नाक डावीकडे किंवा उजवीकडे वळविते. या प्रत्येकाला एक लहान मोटर हलविते. तिला सर्व्हो म्हणतात. पुढील विवेचनात हेच शब्द वापरले आहेत.

जमिनीवरील तपासणी

आकाशात दिसणाऱ्या पुष्कळ दोषांचा उगम जमिनीवरच सापडतो. म्हणून उड्डाणापूर्वी पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

पहिली गोष्ट नियंत्रणांची दिशा. उजवीकडे कांडी सरकविली असता उजवा एलेरॉन वर उचलला गेला पाहिजे. एलिव्हेटरची कांडी आपल्याकडे ओढली असता एलिव्हेटर वर गेला पाहिजे. उलट जोडलेला एलेरॉन हे पहिल्याच उड्डाणात विमान मोडण्याचे नेहमीचे कारण आहे. दुरुस्तीनंतर तर ही तपासणी न चुकता करावी.

दुसरी गोष्ट सांध्यांतील ढिलेपणा. सर्व्हो स्थिर असताना नियंत्रणपृष्ठ बोटांनी हलवून पाहावे. ते जागच्या जागी हलत असेल, तर बिजागरी, जोडकांडी किंवा तिचा शिंगासारखा आधार यांपैकी काही तरी सैल आहे. सैल पृष्ठ प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी येऊन थांबते. परिणामी विमान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे जाते, आणि असा अनियमित दोष कोणत्याही ट्रिमने जात नाही.

तिसरी गोष्ट पंख व शेपूट यांची ठेवण. दोन्ही पंखांच्या टोकांपासून शेपटाच्या टोकापर्यंतचे अंतर दोरीने मोजावे. ते सारखे भरले पाहिजे. मागे उभे राहून पंख आणि आडवे शेपूट परस्परांना समांतर आहेत की नाहीत, आणि उभे शेपूट ताठ आहे की नाही, हे पाहावे. पंख पिळवटला असेल, तर त्याची मागील कड एका बाजूस वर किंवा खाली गेलेली दिसते. उन्हात मोटारीत ठेवलेल्या मॉडेलच्या बाबतीत ही शक्यता विशेष असते. उष्णतेने आवरणाचा ताण बदलतो आणि पंख वाकडा होतो.

चौथी गोष्ट बॅटरी आणि संदेशाची पोच. लिथियम बॅटरीचा प्रत्येक घट पूर्ण भारित असताना ४.२ व्होल्ट दाखवितो. अर्धवट भारलेल्या किंवा फुगलेल्या बॅटरीवर उड्डाण करू नये, आणि ती भारित करताना तिच्याजवळ कोणीतरी हजर असावे, कारण अशा बॅटऱ्या पेट घेऊ शकतात. नियंत्रण-पेटी कमी शक्तीच्या तपासणी-स्थितीत ठेवून तीसएक पावले दूर जावे आणि सर्व पृष्ठे व्यवस्थित हलतात का ते पाहावे. संदेश तुटला तर मोटर आपोआप बंद झाली पाहिजे. ही व्यवस्थाही प्रत्यक्ष करून पाहावी. पूर्वी दोन चालकांची कंपनसंख्या एकच असली की विमाने कोसळत. आजच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पेट्यांनी तो धोका पुष्कळसा दूर केला आहे, परंतु चुकीच्या जागी बसविलेल्या संदेशग्राहकाचा धोका दूर झालेला नाही.

एकच दोष, तीन कारणे

समजा, वारा नसलेल्या सकाळी आपण विमान हवेत नेले. मध्यम वेगात ते सारखे डावीकडे कलते. उजवीकडे ट्रिम दिल्यावर ते सरळ जाऊ लागले. येथेच पुष्कळजण थांबतात. वास्तविक या एकाच लक्षणामागे निदान तीन निरनिराळी कारणे संभवतात. डावा पंख उजव्यापेक्षा जड असेल. एखादा पंख पिळवटलेला असेल. किंवा मोटरचा कोन चुकलेला असेल. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. त्यांतील खरे कारण कोणते, हे विमानालाच विचारता येते.

प्रथम, पुरेशा उंचीवर सरळ जात असताना थ्रॉटल कमी करावे. शक्ती कमी करताच विमान ट्रिमच्या दिशेने, म्हणजे उजवीकडे ओढू लागले आणि शक्ती दिल्यावर पुन्हा सरळ झाले, तर संशय मोटरवर जातो. सर्वसाधारण मॉडेलचा पंखा मागून पाहिले असता घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो. त्याच्या फिरण्याचा आणि त्याने मागे लोटलेल्या पिळदार झोताचा परिणाम म्हणून शक्ती वाढविली की विमान डावीकडे ओढले जाते. यासाठी मोटरचा आस उजवीकडे दोन-तीन अंशांनी वळविलेला असतो. तो कमी पडत असल्यास मोटरच्या डाव्या बाजूच्या स्क्रूंखाली पातळ वॉशर घालून कोन वाढवावा.

शक्ती बदलूनही फरक पडला नाही, तर पुढची कसोटी घ्यावी. ट्रिम तसाच ठेवून विमान उलटे करावे आणि ते सरळ जाते का पाहावे. उलटे असतानाही सरळ गेले, तर दोष पंखाच्या पिळाचा आहे. कारण पीळ आणि ट्रिम हे दोन्ही हवेच्या जोरावर काम करतात. विमान कसेही असले तरी एक त्याला स्वतःच्या डावीकडे फिरवितो आणि दुसरा उजवीकडे, आणि दोहोंची बरोबरी कायम राहते. परंतु दोष वजनाचा असेल, तर उलट्या विमानाचा डावा पंख पूर्वीपेक्षाही जोराने जमिनीकडे झुकेल. जड पंखाला पृथ्वी नेहमी खालीच ओढते. ट्रिम मात्र विमानाला त्याच्या स्वतःच्या उजवीकडेच फिरवीत राहतो. सुलट्या स्थितीत ही दोन बले परस्परांविरुद्ध होती, उलट्या स्थितीत ती एकत्र येतात.

वजनाचा दोष ट्रिमने झाकण्यात आणखी एक धोका आहे. पंखाचे जादा वजन वेगाबरोबर बदलत नाही. ट्रिमचा जोर मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो व घटतो. वेग निम्मा झाला की ट्रिमचा जोर चौथ्या हिश्श्यावर येतो. विमान उतरताना वेग कमी होतो, ट्रिम दुबळा पडतो आणि नेमक्या जमिनीजवळ डावा पंख खाली जातो. मध्यम वेगात सरळ उडणारे विमान उतरताना का मोडले, याचे उत्तर अनेकदा येथे असते.

उपाय अगदी सोपा आहे. एकाने पंख्याच्या आसाला आणि दुसऱ्याने शेपटाच्या टोकाला बोटाने आधार देऊन विमान उचलावे. जो पंख पुन्हा पुन्हा खाली जातो तो जड. दुसऱ्या पंखाच्या टोकाशी शिशाचा लहानसा तुकडा बसवून तोल साधावा, ट्रिम मध्यावर आणावा आणि पुन्हा उड्डाण करून पाहावे. लूप, म्हणजे आकाशात काढलेले उभे वर्तुळ, ही याची उत्तम परीक्षा आहे. लूपमध्ये वजनाचा परिणाम कित्येक पटींनी वाढतो आणि जड पंखाचे विमान वर्तुळातून एका बाजूस सरकते.

गुरुत्वमध्य

उड्डाणाच्या स्वभावावर सर्वांत मोठा प्रभाव गुरुत्वमध्याचा असतो. सरळ पंखाच्या सामान्य मॉडेलमध्ये तो पंखाच्या पुढील कडेपासून रुंदीच्या पाव ते एक-तृतीयांश अंतरावर ठेवतात. तो पुढे असल्यास विमान स्थिर परंतु जड हाताचे होते. उतरताना नाक वर राहत नाही आणि उलटे उडविताना एलिव्हेटर फार द्यावा लागतो. तो मागे असल्यास विमान चंचल होते. बोटाच्या हलक्या स्पर्शाने नाक वरखाली करते आणि वेग कमी होताच गिरकीत सापडते.

याची कसोटी अशी. पुरेशा उंचीवर, ट्रिम नीट केलेले विमान पंचेचाळीस अंशांच्या चढावर न्यावे, उलटे करावे आणि कांडी सोडावी. नाक जमिनीकडे लवकर व जोराने वळले, तर पुढचा भाग जड आहे. उलट ते आकाशाकडे वळू लागले, तर मागचा भाग जड आहे. रेषा बराच वेळ तशीच राहून नाक हळूहळू खाली आले, तर गुरुत्वमध्य कसरतीला योग्य जागी आहे. दुरुस्तीसाठी शक्यतो नवे वजन न घालता बॅटरी पुढे-मागे सरकवावी, आणि तीही एका वेळी तीन-चार मिलिमीटरच. गुरुत्वमध्य हलविल्यावर एलिव्हेटरचा ट्रिम नव्याने करावा लागतो, हे विसरू नये.

कसरतीत दिसणारे दोष

वरील गोष्टी स्थिरस्थावर झाल्यानंतरच कसरतीतील सूक्ष्म दोषांकडे वळावे.

पूर्ण शक्तीने सरळ वर चढताना विमान डावीकडे वळत असेल तर मोटरचा उजवा कोन वाढवावा. उजवीकडे वळत असेल तर कमी करावा. पाठीकडे, म्हणजे काचेच्या बाजूस झुकत असेल तर मोटरचा आस किंचित खाली वळवावा. पोटाकडे झुकत असेल तर किंचित वर. एका चढावरून निष्कर्ष काढू नये. वाऱ्याने सरकलेले विमान पाहणाऱ्यास वळल्यासारखे दिसते. वाऱ्याकडे तोंड करून निदान तीन-चार वेळा चढ घ्यावा आणि प्रत्येक वेळी तेच घडले तरच स्क्रूला हात लावावा.

रोल म्हणजे विमानाने स्वतःच्या लांबीभोवती घेतलेली गिरकी. रोल घेताना नाक एका बिंदूवर न राहता गोल फिरत असेल, तर खाली जाणारा एलेरॉन वर जाणाऱ्यापेक्षा जास्त ओढ निर्माण करतो आणि नाकाला विरुद्ध दिशेस खेचतो, असा त्याचा अर्थ होतो. खाली जाणाऱ्या एलेरॉनची हालचाल थोडी कमी करावी.

एका कुशीवर, केवळ सुकाणूच्या आधाराने उडताना काही विमाने चाकांच्या बाजूस ओढतात. आजच्या नियंत्रण-पेट्यांत सुकाणूबरोबर एलिव्हेटर आपोआप हलविण्याची सोय असते. तिचा उपयोग जरूर करावा, परंतु सर्वांत शेवटी. गुरुत्वमध्य व मोटरचा कोन तपासण्यापूर्वी अशी सोय वापरणे हेही ट्रिमप्रमाणेच दोष झाकणे होय.

एक दोष मात्र असा आहे की तेथे परीक्षा पाहत बसावयाचे नसते. वेगात असताना पंखातून किंवा शेपटातून भुंग्यासारखा गुंजारव ऐकू आला, तर ते नियंत्रणपृष्ठाच्या थरथरीचे लक्षण आहे. सैल बिजागरी, लवचिक जोडकांडी किंवा बिजागरीजवळची रुंद फट ही त्याची कारणे. ही थरथर काही क्षणांत पृष्ठ उखडून टाकू शकते. थ्रॉटल ताबडतोब बंद करावे, वेग कमी करावा आणि विमान उतरवावे. सर्व सांधे पाहिल्याशिवाय त्याच दिवशी पुन्हा उडवू नये.

हवा, ऋतू आणि चालकाचा हात

प्रत्येक दोष विमानाचाच असतो असे नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे. पौषातील पहाटेच्या दहा अंश तापमानाच्या हवेच्या तुलनेत वैशाखातील दुपारची चाळीस अंशांची हवा सुमारे दहा टक्के विरळ असते. विरळ हवेत तेवढीच उचल मिळण्यासाठी विमानाला सुमारे पाच टक्के अधिक वेग लागतो, आणि पंख्याचा जोरही कमी पडतो. थंडीत उत्तम उतरणारे विमान मे महिन्यात उतरताना पंख टाकू लागले, तर प्रथम उतरण्याचा वेग वाढवून पाहावा. तापलेल्या जमिनीवरून उठणारे हवेचे प्रवाह दुपारी विमानाला हेलकावे देतात. म्हणून कसोटीची उड्डाणे सूर्योदयानंतरच्या दोन तासांत करणे उत्तम.

वाऱ्याबरोबर जाणारे विमान जमिनीच्या संदर्भात वेगवान दिसते. चालक त्या दिसण्याला भुलून शक्ती कमी करतो. हवेच्या संदर्भातील वेग मात्र तेवढा नसतो. वळण घेताना उचल तुटते आणि विमान कोसळते. त्याचप्रमाणे विमान चालकाकडे तोंड करून येत असताना डावे-उजवे उलटे भासते. अशा वेळी जो पंख खाली दिसेल त्याच्या बाजूस कांडी सरकवावी, म्हणजे विमान सावरते. दोष विमानाचा की हाताचा, हे ठरविण्याचा सोपा मार्ग म्हणजे दुसऱ्या अनुभवी चालकाच्या हाती पेटी देणे. त्यालाही तोच त्रास झाला तर विमान तपासावे.

नोंदवहीचे महत्त्व

या सर्व खटाटोपात एक नियम पाळला नाही तर बाकीचे व्यर्थ ठरते. एका वेळी एकच बदल करावा, उड्डाण करावे आणि निरीक्षण लिहून ठेवावे. बॅटरी सरकविली, मोटरचा कोन बदलला आणि एलेरॉनची हालचालही कमी केली, तर विमान सुधारले तरी कशामुळे सुधारले हे कळणार नाही, आणि बिघडले तर काय पूर्ववत करावे हेही कळणार नाही. नोंदवहीत तारीख, वेळ, वारा, तापमान, बॅटरीची जागा, केलेला एक बदल, अपेक्षा आणि प्रत्यक्ष दिसलेले वर्तन, एवढे रकाने पुरेत. अपेक्षा उड्डाणापूर्वीच लिहावी. तसे केल्याने विद्यार्थी जे घडले ते पाहतो. जे घडावे असे वाटत होते ते नव्हे.

मोठ्या विमानांचा इतिहास याच शिस्तीने घडला आहे. राइट बंधूंच्या १९०० व १९०१ सालच्या ग्लायडरना अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी उचल मिळाली. त्यांनी हताश न होता आपल्या कार्यशाळेत वाऱ्याचा बोगदा तयार केला आणि सुमारे दोनशे लहान पंखांची परीक्षा घेतली. १९०२ सालच्या ग्लायडरला त्यांनी मागे स्थिर उभे शेपूट बसविले, तेव्हा विमान कलले असता सावरण्याऐवजी खालच्या पंखाकडे गिरकी घेऊ लागले. कारण शोधून त्यांनी ते शेपूट हलते केले, आणि दोष गेला. १७ डिसेंबर १९०३ चे यशस्वी उड्डाण या शोधक दुरुस्त्यांवर उभे होते.

आपल्याकडील उदाहरण अधिक अलीकडचे आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे एचजेटी-३६ हे प्रशिक्षण विमान ७ मार्च २००३ रोजी प्रथम उडाले. परंतु कमी वेगात उचल तुटताना व गिरकीत त्याचे वर्तन समाधानकारक नव्हते. विद्यार्थी वैमानिकाच्या हाती द्यावयाच्या विमानात असा दोष ठेवता येत नाही. अनेक वर्षांच्या अभ्यासानंतर उभे शेपूट मागे सरकविण्यात आले, एप्रिल २०१९ मध्ये सुधारित विमान उडाले आणि पुढे डावीकडे व उजवीकडे सहा-सहा गिरक्यांतून सावरून दाखविण्यात आले. २०२५ साली या विमानाला 'यशस' हे नाव देण्यात आले. दोष कबूल करून त्याच्या मुळाशी जाण्यास वेळ लागला, परंतु तो मार्ग टाळता येण्यासारखा नव्हता.

मैदान, नियम आणि ग्रामपंचायत

कसोटीच्या उड्डाणात विमान अनपेक्षित दिशेने जाणार हे गृहीत धरूनच जागा निवडावी. विजेच्या तारा, रस्ता, वस्ती आणि चरणारी जनावरे यांपासून दूर असलेले गायरान किंवा पीक निघालेले मोकळे शेत यासाठी योग्य असते. ग्रामपंचायतीने सुट्टीच्या दिवशी सकाळी दोन तास अशी जागा उपलब्ध करून दिली, तर शाळेच्या छोट्या पटांगणावर होणारे धोक्याचे प्रयोग थांबतील. उड्डाणाची रेषा प्रेक्षकांच्या समोरून, त्यांना समांतर आखावी. विमान प्रेक्षकांच्या डोक्यावरून कधीही नेऊ नये. चालकाजवळ एक निरीक्षक उभा असावा. त्याने आकाशाकडे आणि मैदानात येणाऱ्या माणसांकडे लक्ष ठेवावे.

केंद्र शासनाचे ड्रोन नियम ऑगस्ट २०२१ मध्ये अमलात आले. शिक्षण, संशोधन किंवा मनोरंजनासाठी, डोळ्यांना दिसेल एवढ्या अंतरात उडविल्या जाणाऱ्या पंचवीस किलोपर्यंतच्या मॉडेल विमानांचा त्यांत वेगळा उल्लेख असून, त्यांना प्रकार-प्रमाणपत्राची सक्ती नाही. मात्र आकाशाचे हिरवे, पिवळे व लाल असे विभाग त्यांनाही लागू आहेत. नाशिक तालुक्यात व निफाडच्या काही भागात ओझर, गांधीनगर आणि देवळाली येथील संरक्षण व विमानतळ क्षेत्रांचा विचार प्रथम करावा लागतो. मैदान ठरविण्यापूर्वी शासनाने प्रसिद्ध केलेला हवाई क्षेत्राचा नकाशा पाहावा आणि स्थानिक पोलीस ठाण्यास लेखी कळवावे. जेथे मनाई आहे तेथे कितीही चांगले मैदान असले तरी उड्डाण करू नये.

शाळेत तयार झालेले मॉडेल पहिल्या दिवशी मोडले, तर महिनोन्महिन्यांची मेहनत वाया जाते आणि पुष्कळ मुले तो नाद सोडून देतात. पण शिक्षकाने मोडलेले तुकडे गोळा करून "काय घडले?" हा प्रश्न फळ्यावर लिहिला आणि संभाव्य कारणे एकेक करून तपासली, तर त्याच अपघातातून विज्ञानाचा एक पाठ उभा राहतो. अशा रीतीने तयार झालेला मुलगा किंवा मुलगी उद्या ओझरच्या कारखान्यात जाईल, अथवा गावातील पाणीपुरवठ्याचा पंप पाहील. पंप वारंवार बंद पडत असेल, तर फ्यूज बदलून घरी न जाता फ्यूज का जातो हे तो शोधील. शिक्षकांनी आपल्या शाळेतील मॉडेलच्या पहिल्या उड्डाणापूर्वीच नोंदवही उघडावी, आणि पंचायत सदस्यांनी त्यासाठी योग्य मैदान निश्चित करून द्यावे.